नऊ तारखेचं मरण, आठ तारखेची नोंद

विषय: नऊ ऑक्टोबर या तारखेची वाटेत झालेली आठ ऑक्टोबर, व त्यापायी एका लग्नाला आलेली अडचण.

संदर्भ: अर्जदार बाईंचा अर्ज. पोच दिली आहे. उत्तर दिलेलं नाही.

वरील विषयाला अनुसरून कळवण्यात येतं की, मी एक तारीख बोलतेय. कॅलेंडरवरची तारीख वेगळी. ती भिंतीवर लटकते, तिच्याभोवती कुणी पेन्सिलीने गोल काढतं, महिना संपला की तिला फाडतात. तिचं दुःख तिने सांगावं. मी एका माणसाची तारीख आहे, त्याच्या मरणाची. अशी तारीख माणसाला एकच मिळते, आणि ती बरोबर लागली की नाही हे बघायला तो स्वतः हजर नसतो. सगळी गोम तिथेच आहे.

माझा जन्म इस्पितळात, चाकं लावलेल्या एका संगणकावर झाला. हा संगणक खाटेखाटेशी ढकलत नेतात. त्या दुपारी तो खिडकीजवळच्या खाटेशी उभा होता. डॉक्टर येऊन गेले होते. सिस्टरने हात पुसले, ‘मृत्यूचा दिनांक’ या रकान्यात मला टाइप केलं आणि शेजारी वेळेच्या रकान्यात सव्वाचार लिहिलं. मग माझ्याकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. जन्मतः मी अगदी बरोबर होते, हे इथे मुद्दाम नमूद करते, कारण पुढे बऱ्याच जणांनी त्या सिस्टरवर बोट ठेवलं.

ज्याची मी, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सगळे त्याला लिफ्टवाले म्हणत. आयुष्यभर दुसऱ्यांना वर पोचवून स्वतः जिन्याने उतरलेला माणूस. आजारपणातही जीभ शाबूत होती. डॉक्टरांनी “कसं वाटतंय?” विचारलं की म्हणायचा, “वरून कुणीतरी बटण दाबलंय. गाडी अजून आलेली नाही.”

सिस्टर हसू दाबायची. खाटेशेजारी बसलेली बाई मात्र हसायची नाही. “कळला विनोद,” म्हणायची. “आता गोळी घे.”

ही बाई म्हणजेच अर्जदार. ड्रायक्लीनरच्या दुकानात ती कपडे आल्टर करायची. कुणाची पँट कमरेत सैल कर, कुणाचा कोट खांद्यात घट्ट कर. त्याच दुकानावरच्या दोन खोल्यांत ती आणि लिफ्टवाले वर्षानुवर्षं एकत्र राहत होते. लग्न तेवढं केलेलं नव्हतं. कुणाचा विरोध नव्हता. विरोध असता तर कदाचित हट्टाने केलं असतं. “करू की, पळून कुठे चाललोय?” असं एकमेकांना म्हणता म्हणता दोघांचे केस पिकले. शेजारीपाजारी तिला वहिनी म्हणत. दुकानाचा मालक त्याला जावईबापू म्हणून चिडवी. इस्पितळातले डॉक्टरसुद्धा “तुमचे मिस्टर” म्हणूनच बोलत. जगाने मान्य केलं होतं. मान्य करायचं राहिलं होतं ते एका सरकारी टेबलाने.

त्या टेबलाची आठवण लिफ्टवाल्यांना आजारपणात झाली. त्यांनी एकदा शवदाहिनीच्या तळघरात जाणारी लिफ्ट दुरुस्त केली होती. तिथे भिंतीला एक लांब फळी होती आणि फळीवर ओळीने डबे. तिथल्या माणसाला त्यांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, न नेलेली माणसं. ज्यांच्या अस्थी न्यायला जवळचा नातेवाईक कुणी आला नाही, ती. मुदत संपली की सगळी एका खड्ड्यात.

तेव्हा लिफ्टवाले हसले होते. आता हसले नाहीत.

“मी गेलो की मला तुझ्या ताब्यात देणार नाहीत,” ते तिला म्हणाले. “तू माझी कुणीच नाहीस.”

“बरं झालं सांगितलंस. इतकी वर्षं कुणाचे मोजे धुतले म्हणायचे?”

“चेष्टा नको. लग्न करू. मला त्या फळीवर ठेवू नकोस. घरी ने. शिवणयंत्राशेजारी ठेव, कुठेही ठेव. पण घरी.”

ती हातातल्या बाहीची शिवण बराच वेळ उसवत राहिली. मग म्हणाली, “सदरा धुवून आणते.”

लग्न नऊ तारखेच्या सकाळी झालं. ते मी पाहिलेलं नाही, मी तेव्हा जन्मले नव्हते. मला ते माझ्या बहिणीने सांगितलं. बहीण म्हणजे लग्नाची तारीख. तीही नऊ ऑक्टोबरच, माझ्याहून अर्ध्या दिवसाने थोरली. विवाह नोंदणीचे साहेब लॅपटॉप घेऊन खाटेशी आले आणि तिला त्यांनी थेट नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात टाइप केलं. तिला प्रवास घडला नाही. म्हणून ती आजही नऊच आहे. नशीब म्हणतात ते हेच.

साक्षीदार दोन. एक सिस्टर, दुसरा शेजारच्या खाटेवरचा पोस्टमन. पोस्टमन उशीला टेकून म्हणाला, “जन्मभर लोकांच्या सह्या घेत फिरलो. आज पहिल्यांदा कुणीतरी माझी घेतंय.”

लिफ्टवाल्यांची सही रकान्याबाहेर गेली. साहेबांनी चालवून घेतलं. साहेब गेल्यावर बाईने गोळी पुढे केली आणि म्हणाली, “अहो, गोळी घ्या.”

“अगं, हे काय नवीन?”

“नवऱ्याला अहोच म्हणतात.”

“जन्मभर अरे लिफ्टवाल्या म्हटलंस. किती वेळ जमणार हे?”

“बघू. जमेल तेवढा वेळ.”

दुपारपर्यंत जमलं.

आता माझ्या प्रवासाविषयी. इस्पितळात मेलेल्या माणसाची तारीख नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते. पूर्वी शिपाई कागद घेऊन जायचा, वाटेत चहा प्यायचा, पण नऊचे आठ करायचा नाही. आता इस्पितळाचा प्रोग्राम नोंदणी कार्यालयाच्या प्रोग्रामला परस्पर कळवतो. इस्पितळाचा प्रोग्राम लिहिलाय जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेत, कार्यालयाचा पायथन नावाच्या. दोघांची आपसांत ओळख नाही, भांडण नाही, बोलणं कामापुरतं. मधल्या वाटेवर मी असते.

इस्पितळाच्या त्या प्रोग्राममध्ये नुसत्या तारखेला जागाच नव्हती. तारीख आली म्हणजे तिच्यासोबत वेळ हवीच. लॉजवर एकटी बाई उतरली की मॅनेजर “सोबत कोण आहे?” विचारतो, त्यातला प्रकार. मी म्हणणार होते की मला वेळ नाही, मी अख्खा दिवस आहे, सकाळचं लग्न आणि दुपारचं मरण दोन्ही माझ्यातच मावतात. वेळेला तिचा वेगळा रकाना आहे, तिथे सव्वाचार नीट बसलेले आहेत. पण मला विचारतं कोण? माझ्या अंगाला मध्यरात्रीचे बारा चिकटवले. झाले मी ‘नऊ ऑक्टोबर, मध्यरात्र’.

पुढे बाहेर पडताना दुसरा नियम. परगावच्या यंत्राशी बोलताना वेळ सार्वत्रिक घड्याळात सांगायची. हे घड्याळ सगळ्यांचं असतं, म्हणजे कुणाच्याच घरात नसतं. आमच्याकडे मध्यरात्र होते तेव्हा त्या घड्याळात आदल्या दिवसाची संध्याकाळ चालू असते. तेव्हा मला नवा पोशाख चढवला: ‘आठ ऑक्टोबर, संध्याकाळ’. शेवटी शेपटासारखं एक अक्षर, त्याचा अर्थ असा की, ही वेळ सार्वत्रिक आहे, आपापल्या घड्याळात करून घ्यावी.

इथवर, खरं सांगायचं तर, काही चुकलं नव्हतं. एकाच माणसाला भाचा मामा म्हणतो आणि भाच्याचा बाप मेहुणा म्हणतो. माणूस तोच. शेपूट शाबूत असेपर्यंत मी नऊ तारीखच होते.

मी कार्यालयाच्या दारात पोचले. त्या प्रोग्रामला वेळ नको होती, हवी होती नुसती तारीख. शोकांतिका बघा. ज्याला नुसती तारीख पाठवता आली नाही त्याने वेळ लावून पाठवली, आणि ज्याला पोचली त्याला नुसती तारीखच हवी होती. त्याने माझी पहिली दहा अक्षरं घेतली, साल, महिना आणि दिवस. बाकीची कापून टाकली. शेपूट गेलं. उरले मी आठ ऑक्टोबर.

मराठी माणसाला यात अवघड काही नाही. आपला ‘परवा’ मागेही जातो आणि पुढेही जातो. तरी आजवर कुणाचं अडलं नाही, कारण शेवटी क्रियापद येतं. परवा गेलो, परवा जाईन. वाक्य पुरतं ऐकलं की झालं. पण ‘परवा’ एवढंच ऐकून जो उठून चालू लागतो, तो चुकीच्या दिवशी दारात उभा राहणार. माझं क्रियापद कापलं गेलं होतं.

हे माझ्या एकटीचंच झालं असंही नाही. त्या इस्पितळात मेलेली सगळी माणसं कागदावर एक दिवस आधी मरत होती. कुणाच्या लक्षात येत नव्हतं. मेल्या घरची माणसं दाखल्यात नावाचं स्पेलिंग बघतात, तारीख त्यांना पाठ असते म्हणून बघत नाहीत. एखाद्याने बघितली आणि विचारलं, तर “टायपिंगची चूक असेल, इस्पितळात जा” असं उत्तर मिळे. मग तोही म्हणे, जाऊ दे, एका दिवसाने काय बिघडतंय. बहुतेकांचं खरंच बिघडत नाही. आपलं माणूस आठला जावो की नऊला, जातंच.

बिघडलं ते ज्या बाईकडे लग्नाचा एकच दिवस होता तिचं.

दप्तरात मी माझ्या बहिणीशेजारी जाऊन बसले. ती नऊ, मी आठ. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “तू माझ्याआधी कशी आलीस?” तेवढ्यात कार्यालयाच्या यंत्राने आम्हा दोघींना एकत्र वाचलं. त्याच्यात एक नियम घातलेला आहे, आणि नियम चांगला आहे: मृत व्यक्तीस विवाह करता येत नाही. यंत्राने लग्नापुढे ‘विसंगत, स्थगित’ असा शेरा मारला, आणि लिफ्टवाल्यांच्या नावापुढे, जवळचे नातेवाईक या रकान्यात, ‘निरंक’.

निरंक हा शब्द सरकारी कामात रोज लागतो. अडचणी निरंक, तक्रारी निरंक. त्या बाईला तो पहिल्यांदाच लागला.

शवदाहिनीत सगळं इस्पितळाच्या कागदावर पार पडलं. अस्थी न्यायला ती दोन दिवसांनी गेली. लिफ्टवाल्यांच्या जुन्या खाकी डगल्याच्या कापडाची तिने एक पिशवी शिवली होती, आतून अस्तर, वर खांद्याला अडकवायचा पट्टा. काउंटरवरच्या फळीवाल्याने, म्हणजे ज्याच्या ताब्यात ती फळी आहे त्याने, संगणकात बघितलं.

“नाव बरोबर. तुम्ही कोण?”

“बायको.”

“इथे कुणी नाही दाखवत.”

“इथे म्हणजे कुठे?”

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर मी होते, माझ्याखाली निरंक. तिने वाचलं. पिशवीचा पट्टा खांद्यावरून काढून तिने हातात घेतला, गुंडाळला, पुन्हा सोडला.

“बाई, मी देऊ शकत नाही,” तो म्हणाला. “कार्यालयातून दुरुस्त करून आणा. आजच्या आज होईल कदाचित.” माणूस भला होता. भली माणसं असं काही तरी बोलतात.

नोंदणी कार्यालयाच्या खिडकीत एक मॅडम बसतात. समोर काच, काचेला खाली हात जाईल एवढी फट. मॅडमनी मला आणि माझ्या बहिणीला एका पडद्यावर आणलं आणि चष्मा वर केला.

“मिस्टर वारले आठ तारखेला, सव्वाचारला.”

“नऊला.”

“इथे आठ आहे.”

“आठला सव्वाचारला त्यांची दाढी चालली होती.”

“दाढी?”

“दुसऱ्या दिवशी लग्न होतं ना.”

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आवाज खाली आणला. “ताई, कागदोपत्री तुम्ही मयताशी लग्न केलंय.”

“सही त्यांनी स्वतः केलीये. बघा, रकान्याबाहेर गेलीये. हात थरथरत होता.”

“तोच तर प्रश्न आहे. मयताची सही आली कुठून?”

मग तारीख दुरुस्तीचा अर्ज मागितला. मॅडमनी नियम वाचून दाखवला: मृत्यूच्या दिनांकातील दुरुस्तीसाठी मृताच्या जवळच्या नातेवाइकानेच अर्ज करावा. ती म्हणाली, “मग मी करते.” मॅडम म्हणाल्या, “तुम्ही नातेवाईक नाही.” ती म्हणाली, “तारीख दुरुस्त झाली की होईन.” मॅडम म्हणाल्या, “हो, ते बरोबर आहे.” दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. काचेच्या दोन्ही बाजूंना एकच गोष्ट कळत होती, आणि कुणालाही काही करता येत नव्हतं. शेवटी मॅडमनी ‘सर्वसाधारण’ या प्रकारात अर्ज लिहून घेतला, पोच दिली आणि वरच्या साहेबांकडे पाठवला.

बाई इस्पितळात गेली. सिस्टरने तिला हाताला धरून तळमजल्यावर प्रोग्राम सांभाळणाऱ्या मुलीकडे नेलं. मुलीने आधी नेहमीचं उत्तर दिलं, की आमच्याकडे नऊच दिसतंय. मग मला कसं पाठवलं ते उघडून बघितलं. तिने तिथूनच कार्यालयाच्या प्रोग्रामवाल्याला फोन लावला. आवाज खोलीभर ऐकू येत होता.

“तुम्ही शेवटचा भाग का कापता? वेळ सार्वत्रिक आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय.”

“आम्हाला वेळ नकोच आहे. तुम्ही वेळ लावता कशाला? मरणाला तारीख असते.”

“आम्ही पाठवलेलं बरोबर आहे.”

“आम्ही वाचलेलंही बरोबर आहे. पहिली दहा अक्षरं तारखेची, असंच ठरलंय.”

“कुणी ठरवलंय?”

“माझ्या आधीच्याने.”

“माझ्याकडेही आधीच्यानेच लिहिलंय,” मुलगी म्हणाली.

दोन बरोबर माणसांनी मिळून एक चूक केली होती, आणि दोघंही नोकरी सोडून गेले होते. बाई खुर्चीत बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिने एवढंच विचारलं, “म्हणजे ते नऊलाच गेले ना?”

“हो काकू. नऊलाच.”

“मला माहीत होतं. पण कुणीतरी म्हटलं, बरं वाटलं.”

मुलगी कामाची निघाली. आठवड्याच्या आत दोन्हीकडे दुरुस्ती झाली. आता इस्पितळाकडून नुसती तारीख जाते, वेळेचं लोढणं न लावता, आणि कार्यालयात नुसती तारीख उतरते. माझ्या मागून येणाऱ्या तारखा ताठ मानेने येतात आणि आल्या तशा बसतात. मला आनंद आहे. मुलीने इस्पितळाच्या कागदावर पत्रही दिलं, की सदर चूक प्रोग्रामची असून खरी तारीख नऊ आहे. पत्र घेऊन ती स्वतः बाईबरोबर खिडकीवर आली.

मॅडमनी पत्र दोनदा वाचलं. “पत्र उत्तम आहे,” म्हणाल्या. “अर्जाला जोडते. पण दुरुस्ती यापुढच्या नोंदींना लागू आहे. मागच्या नोंदीसाठी अर्ज लागतो.”

“अर्ज दिलाय,” बाई म्हणाली.

“हो, तो साहेबांकडे आहे. साहेबांनी अभिप्रायासाठी विधी शाखेकडे पाठवलाय. अर्जदार नातेवाईक आहे का, असं त्यांनी विचारलंय.”

मुलगी काही बोलणार होती. बाईने तिच्या हातावर हात ठेवला. “चल,” म्हणाली. “यांचा काय दोष.”

ती दर गुरुवारी शवदाहिनीच्या तळघरात जाते. लिफ्टने जाते, लिफ्ट अजून नीट चालते. फळीवाला तिला बघून उठतो आणि काहीतरी काम काढून पलीकडे जातो. डब्याला हात लावायची परवानगी नाही. ती समोर उभी राहते आणि हलक्या आवाजात बोलते. दुकानात कुणाचा कोट आला, मालकाचे गुडघे कसे आहेत, वरच्या खोलीतला नळ पुन्हा गळतोय. मी तिथल्या संगणकावर असते, म्हणून मला ऐकू येतं. ती त्यांना अहो म्हणते. कधी बोलण्याच्या नादात “अरे” निघून जातं, मग थांबते आणि वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणते, अहो लावून.

नातेवाइकांखेरीज कुणी फळीवर वस्तू ठेवू नये असा नियम आहे, म्हणून फळीवाल्याने तिची पिशवी ठेवून घेतली आणि फळीजवळच्या खिळ्याला अडकवली. विचारलं तर सांगतो, हरवलेली वस्तू आहे, मालक येईल.

मला तक्रार करायची नाही, एक विनंती करायची आहे, आणि ती तारखा पाठवणाऱ्या सगळ्यांना. मला दिवस म्हणून पाठवायचं असेल तर दिवस म्हणूनच पाठवा, माझ्या गळ्यात मध्यरात्र बांधू नका. क्षण म्हणून पाठवायचं असेल तर तो कुठल्या घड्याळातला ते लिहा, आणि घेणाऱ्याने ते शेवटपर्यंत वाचावं. दोन्ही बाजूंनी एकदा समोरासमोर बसून विचारावं, की तुम्ही तारीख कशाला म्हणता. फार वेळ लागत नाही. त्या मुलीला एक फोन पुरला. तुमच्या प्रोग्रामच्या चाचणीत मी एक खोटी तारीख असते, कुणीतरी घातलेली, कुणाचीच नाही. बाहेर पडल्यावर मी कुणाची तरी असते.

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे. मृत्यूचा दिनांक: आठ ऑक्टोबर. विवाहाचा दिनांक: नऊ ऑक्टोबर, विसंगत, स्थगित. जवळचे नातेवाईक: निरंक. डबा फळीवर आहे. मुदत पुढच्या महिन्यात संपते. वाढवून मिळण्याचा अर्ज नातेवाइकाने करायचा असतो. दुरुस्तीचा अर्ज विधी शाखेकडून साहेबांकडे, व साहेबांकडून अधिक माहितीसाठी परत विधी शाखेकडे गेला आहे.

अर्ज प्रलंबित आहे.